आयुक्तसाहेब, ड्रमर हा कामगार आहे

प्रति,
मा. आयुक्त,
मीरा-भाईंदर महानगरपालिका,
भाईंदर (पश्चिम)



डोंगरी हे नाव आपल्या टेबलावर येतं ते बहुतेक मेट्रो 9 च्या कारशेडच्या फायलीत, नाहीतर त्या कारशेडपायी जाणाऱ्या हजारो झाडांवरच्या हरकतींत. बाकीच्या जगाला डोंगरी म्हटलं की सँडहर्स्ट रोडजवळची डोंगरी आठवते. ‘ती नव्हे, भाईंदरची, उत्तनजवळची’ हे शेपूट पत्त्याला लावायची आम्हाला सवय झाली आहे. कारशेडवर पुष्कळ लिहून झालं आहे आणि माझ्यापेक्षा जाणती माणसं ते लिहीत आहेत. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. मी व्यवसायाने ड्रमर आहे. लग्नाचा बँड, हळदीचा शो, ऑर्केस्ट्रा, कधी स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, सणावाराला चर्चमधली कॉयर, जिथून फोन येईल तिथे वाजवून घर चालवणारा. माझ्यासारखे या पट्ट्यात, म्हणजे राई-मुर्धे-मोर्व्यापासून पाली-चौकपर्यंत, बरेच आहेत. पालिकेच्या दप्तरात आमची नोंद एकाच सदराखाली सापडते: ध्वनिप्रदूषणाची तक्रार.

ती तक्रार करणाऱ्यावर माझा राग नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला शेजारच्या भिंतीतून बेस ड्रम ऐकू आला तर तो चिडणारच. पण ज्या शहरात ड्रम फक्त उपद्रव म्हणून मोजला जातो, तिथे ड्रमवर पोट असलेल्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो हिशेब आपल्यापुढे मांडावा म्हणून हे पत्र.

आमच्या गावात हा धंदा उपरा नाही. डोंगरीचं बेथलेहेम मातेचं चर्च 1613 सालचं. पोर्तुगीज अमदानीत या किनाऱ्यावर चर्चबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन आलं, व्हायोलिन आलं, पुढे पितळी वाद्यं आली. 1739 मध्ये वसई पडली, चिमाजी अप्पांचा अंमल आला, नंतर इंग्रज आले, 1887 मध्ये आमच्या लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. एवढ्या उलथापालथीत बँड टिकला. कारण त्याची गरज चर्चपेक्षा लग्नाला जास्त होती. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वरात निघते ती बँडशिवाय निघत नाही. त्याच घरात रात्री म्हाताऱ्या बायका घुमटावर गाणी म्हणतात. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लागायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं कातडं आलं. गोवा सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसावाद्य ठरवलं. आमचं घुमट त्याच कुळातलं, पण गोव्याच्या हद्दीबाहेर राहतं, म्हणून त्याला अजून सरकारी कागद भेटलेला नाही.

गावच्या बँडमध्ये तालाला तीन माणसं लागतात. एक साइड ड्रम वाजवतो, एक मोठा ड्रम पोटावर बांधून चालतो, तिसऱ्याच्या हातात झांजा. तीन माणसं, तीन वाटण्या. ड्रमसेट नावाचं जे वाद्य आज आपण स्टेजवर बघतो, ते या तीन माणसांच्या जागी एकाला बसवून तयार झालं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये रस्त्यावरचे बँड नाचघरांत शिरले तेव्हा जागा कमी आणि मालकाकडे पैसे कमी. एकाच माणसाने बसून दोन्ही ड्रम वाजवायचे असं ठरलं. मग 1909 मध्ये शिकागोत विल्यम लुडविगने पायाने वाजवायचं पॅडल बाजारात आणलं आणि मोठ्या ड्रमवाल्याची नोकरी गेली. विसाच्या दशकात हायहॅट आली, झांजाही पायाखाली गेल्या. तिसऱ्याचीही सुट्टी. आमच्या वाद्याचा जन्मच मुळी नोकरकपातीतून झालेला आहे, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांना गंमत वाटते. त्यांना अजून पहिलं बिल भरायचं असतं. (जाता जाता एक: झांजा बनवणारी झिल्जियन ही कंपनी 1623 मध्ये इस्तंबूलला सुरू झाली, म्हणजे आमच्या चर्चपेक्षा दहा वर्षांनी धाकटी. ती आजही झांजाच विकते, आणि आम्हाला परवडणार नाहीत अशा भावाने विकते.)

मुंबईत या वाद्यावर जगणारे पहिले लोक हॉटेलांतले. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन जाझ बँड ताजमध्ये आला, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, आणि गोव्याच्या, ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन, पारशी मुलांनी ते ऐकून उचललं. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. पेला गेला तसं नाचघरांचं गिऱ्हाईक गेलं आणि वादक लोकलने ताडदेव, महालक्ष्मी, वांद्र्याच्या स्टुडिओंकडे वळले. सिनेमाने त्यांना हात दिला. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’ला (1951) होता. कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगा हिंदी गाण्यात रुजवले. त्यांचा एक मुलगा केरसी, दुसरा बुर्जोर, म्हणजे बुजी, ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवायचा. लेस्ली गोदिन्हो, नंतर पंचमदांच्या (आर. डी. बर्मन) वाद्यवृंदातले फ्रँको वाझ: ही नावं आमच्यात घराण्यासारखी घेतात. गोव्याचे दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशनकडे ताल सांभाळायचे. त्यांचा ढोलकीचा एक ठेका इतका गाजला की वादक अजून ‘दत्ताराम लाव’ एवढंच म्हणतात आणि पुढचा माणूस बरोबर तोच लावतो. वादकाचं नाव ठेक्याला चिकटून राहिल्याचं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

बाकीच्यांचं काय झालं ते ‘तीसरी मंजिल’मध्ये (1966) दिसतं. त्या सिनेमात शम्मी कपूर चक्क ड्रमर आहे, रॉकी. पडद्यावर काठ्या त्याच्या हातात, पोस्टरवर चेहरा त्याचा, आणि देशभरातल्या मुलांना ड्रमर व्हावंसं वाटलं ते त्याच्यामुळे. ज्यांनी खरोखर वाजवलं, ते तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे स्टुडिओच्या खिडकीवर सही करून दिवसाचे पैसे घेऊन घरी गेले. श्रेयनामावलीत संगीतकार असायचा, गायक असायचे, फार तर सहायक. साठ-सत्तर माणसं एका वेळी एका खोलीत बसून वाजवायची, एकाचा हात चुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा. इतक्या जोखमीचं काम करणाऱ्यांचं नाव कुठेच नाही. त्यांच्या आठवणी जमवून पुस्तक लिहिलं ते ऑकलंडच्या ग्रेगरी बूथ यांनी, 2008 मध्ये. त्याआधी 2005 मध्ये त्यांनीच लग्नाच्या बँडवाल्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. न्यूझीलंडहून आलेल्या माणसाला जे विचारावंसं वाटलं ते आपल्याकडच्या एकाही विद्यापीठाला तोवर सुचलं नाही. हे मला बोचतं, आणि बोचावं असं आहे.

तरी त्या पिढीची एक गोष्ट आमच्यापेक्षा बरी होती. संघटना होती, वादकांच्या श्रेणी होत्या, शिफ्टचे दर ठरलेले होते. काम रोजचं होतं. वसई-विरार-भाईंदरचा वादक सकाळची गाडी पकडून रेकॉर्डिंगला जायचा आणि त्याला स्वतःला ‘मी नोकरी करतो’ असं सांगता यायचं. सत्तर जणांची ती खोली नव्वदच्या दशकाअखेर रिकामी झाली. आधी मल्टिट्रॅक आलं, म्हणजे एकत्र बसायची गरज संपली. 1985 मध्ये रोलँडचा ऑक्टापॅड आला: आठ रबरी पॅड, ध्वनियंत्राला जोडले की त्यांतून ड्रम, कोंगा, डफ, ढोलकी, काय हवं ते. ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो हातोहात घेतला. टेम्पोत किट चढवायला नको, माइक लावायला नको, चार तालवाद्यवाल्यांच्या जागी एक माणूस. ड्रमसेटने तिघांचं जे केलं होतं, तेच ऑक्टापॅडने ड्रमसेटचं केलं. मी दोन्ही वाजवतो, कारण वाजवावंच लागतं. ऑक्टापॅडला शिव्या देणारे वादक बहुधा ज्यांच्याकडे तो घ्यायला पैसे नव्हते ते असतात. ‘सैराट’साठी (2016) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला तेव्हा मराठी माणसाची छाती फुगली. माझीही फुगली. पण मनात हेही आलं की पन्नास वर्षांपूर्वी तेवढी माणसं ताडदेवला मिळत होती.

या धंद्यात कुठपर्यंत पोचता येतं याचंही एक उदाहरण देतो, नाहीतर आपल्याला वाटेल की मी नुसतं रडगाणं गातोय. त्रिलोक गुर्टू. 1951 चा जन्म, मुंबईचा. आई शोभा गुर्टू, बेळगावच्या. ठुमरी-दादऱ्यातलं त्यांचं स्थान आपल्याला मी सांगायला नको. घरात गाणं, घरात तबला, आणि मुलाला ओढ लागली ड्रमसेटची. सत्तरच्या दशकात तो युरोपात गेला आणि हँबर्गला स्थिरावला. ट्रंपेटवादक डॉन चेरीबरोबर वाजवलं. 1984 मध्ये ‘ओरेगॉन’ या चमूचा तालवादक कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत अपघातात गेला, त्याच्या जागेवर त्रिलोक बसला. पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटात. 1989 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आमच्यातला प्रत्येक जण ऐकून-ऐकून झिजवतो.

त्याची बैठक बघण्यासारखी आहे. ड्रमर स्टुलावर बसतो. हा गुडघा टेकून बसतो. कारण एका हाताशी तबला हवा, दुसऱ्या हाताशी टॉम आणि झांजा. बाजूला पाण्याची बादली. वाजवलेली झांज तो त्या पाण्यात बुडवतो आणि स्वर वाकतो. आपल्याकडच्या गुरुजींनी आणि तिकडच्या शिक्षकांनी दोघांनीही ‘असं बसत नाहीत’ म्हणावं अशी ती बैठक, आणि तिच्यातूनच त्याला त्याचा आवाज सापडला. 1988 च्या ‘उस्फ्रेट’ या आल्बममध्ये आईचं गाणं आहे. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्याला अनेक वर्षं तालवादकांत पहिला क्रमांक दिला. बोलांचा अभ्यास पक्का असेल तर अमेरिकन वाद्यावर मुंबईचा माणूस अमेरिकनांना नवीन काही सांगू शकतो, हे त्याने सिद्ध केलं. सितारादेवींचा मुलगा रणजित बारोट याने नंतर मुंबईत राहून तेच दाखवलं. त्यानेही मॅक्लॉफ्लिनबरोबर जगभर वाजवलं आहे. दोघांचीही घरं मात्र संगीताची. मोठी घरं, मोठी नावं. डोंगरीतल्या मुलाच्या घरी रिक्षा असते, बोट असते, फार तर चर्चच्या बँडमधला एक काका असतो.

त्या मुलाचं वर्ष कसं जातं ते ऐका. आमच्याकडे दोन धर्मांची पंचांगं एकाच भिंतीवर असतात. ख्रिस्ती लग्नं उपवासकाळात होत नाहीत, आगमनकाळातही टाळतात. ईस्टरनंतर मे संपेपर्यंत आणि मग नाताळानंतर जानेवारीत गर्दी. हिंदू लग्नं चातुर्मासात नाहीत. हळदी आगरी-कोळी वस्त्यांत, त्यांना बेंजो पार्टी लागते, आणि बेंजो पार्टीला ड्रमर लागतो. 2016 च्या ‘बँजो’ सिनेमात ते जग थोडंफार आलं होतं, वास्तवात घाम जास्त असतो. जूनपासून गणपतीपर्यंत काम नाही. गणपती, सप्टेंबरात उत्तनला वेलंकनी मातेचा सण, नवरात्र, मग दिवाळीपुढे लग्नसराई. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने आम्ही ‘सीझन’वाले आणि उरलेले महिने उधारीवाले. त्या काळात कोणी डिलिव्हरी करतो, कोणी दुसऱ्याची रिक्षा चालवतो. मच्छीमार बांधवांनाही पावसाळ्यात बंदी असते, पण त्यांची बंदी सरकारला माहीत आहे.

पैसे ‘नाइट’वर मिळतात. सात वाजताच्या शोसाठी दुपारी किट घेऊन निघायचं, साउंडचेक, शो, पुन्हा किट उतरवायचं, गुंडाळायचं, टेम्पोत टाकायचं. वाजवणं दोन तासांचं, मेहनत दहा तासांची, बिदागी दोन तासांची. ऑर्गनायझरकडून ती कधी त्याच रात्री, कधी पुढच्या शोच्या वेळी, कधी दिवाळीला. मला एका मोठ्या कार्यक्रमाचे पैसे अजून यायचे आहेत. आयोजकाचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या सीझनला त्याच्याकडेच काम मागायचं आहे. एवढ्यावरून आमची सौदाशक्ती आपल्या लक्षात येईल. आणि कार्यक्रम दहिसरपलीकडे असला तर रात्रीची शेवटची लोकल चुकल्यावर डोंगरीपर्यंतचा खर्च स्वतःचा.

आता शरीराचं. ड्रमसेटजवळ बसलेल्याच्या कानाशी आवाज शंभर डेसिबलपर्यंत आणि वरही जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषाप्रमाणे 85 डेसिबलमध्ये आठ तास काम चालेल. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. त्या हिशेबाने शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. आमचा एक शो दोन तासांचा. कारखान्यात एवढा आवाज असता तर कामगार कायदा मध्ये आला असता, तपासनीस आला असता, कानात घालायला बोळे सक्तीचे झाले असते. आमच्यात म्हातारे ड्रमर मोठ्याने बोलतात, आणि लोक म्हणतात स्वभाव मोकळा आहे. त्यांना ऐकू येत नाही, साहेब. कानात अखंड शिट्टी वाजते. पाठ आणि मनगटं जातात ती वेगळी.

सरावाचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. गायक चादरीत तोंड खुपसून रियाज करू शकतो, गिटारवाला तार दाबून करतो. ड्रमरला वाद्याशिवाय सराव नाही. रबरी पॅडवर हात तयार होतो, पण वजन कळत नाही, आणि पायाचं काही कळतच नाही. पूर्वी डोंगरीत वाडी होती, अंगण होतं, विहिरीपलीकडे आंब्याखाली वाजवलं तर शेजारच्या घरापर्यंत जाऊन आवाज मऊ व्हायचा. आता वाड्यांच्या जागी इमारती येत आहेत. बेस ड्रमचा ठोका हवेतून जातो त्यापेक्षा जास्त फरशीतून जातो. पॅडल लाद्यांवर आपटलं की कंप स्लॅबमधून कॉलममध्ये, कॉलममधून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पलंगात. मुलं भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवतात, फोम लावतात. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेर जाणारा आवाज जातोच. आवाज थोपवायला वजन लागतं: दुहेरी भिंत, मध्ये पोकळी, रबरावर तरंगती फरशी, दोन दरवाजे, फटी बंद, आणि हवा येण्यासाठी आवाज गिळणारी वाकडी नळी. हे भाड्याच्या खोलीत कोणी करू शकत नाही. मीरा रोडला किंवा अंधेरीला तासावर जॅमरूम मिळतात. आठवड्याला दहा तास सराव करायचा तर शिकणाऱ्या मुलाच्या बापाचा पगार त्यातच जाईल.

पालिकेला अशी सरावाची खोली बांधणं कठीण नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा वाजवायला मनाई करतात, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वाजवण्याला ते आडवे येत नाहीत. म्हणजे कायद्यानेच उपाय सांगून ठेवला आहे: आवाज आत ठेवा. उत्तन-डोंगरी भागातल्या पालिकेच्या कुठल्याही एका इमारतीत, तळमजल्याला, एक खोली वरच्या पद्धतीने बांधा. एक किट तिथे कायम ठेवा, म्हणजे मुलांना वाहतूक नको. तासाला परवडेल असं भाडं घ्या, फुकट नको. फुकटाची झांज पहिल्या महिन्यात फुटते. सकाळी शाळकरी मुलं, दुपारी बँडवाले, रात्री ऑर्केस्ट्रावाले अशी ती खोली भरलेली राहील. आणि आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी काही आपोआप कमी होतील, हा आपला फायदा.

दुसरी गोष्ट कागदाची. राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. पन्नाशीनंतर पात्र कलावंताला महिन्याला पाच हजार मिळतात. त्यासाठी कलाक्षेत्रात पंधरा वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. गायकाचं नाव पत्रिकेवर असतं, नटाचा फोटो जाहिरातीत असतो. चाळीस वर्षं बँडमध्ये मोठा ड्रम वाहिलेल्या म्हाताऱ्याकडे काय असतं? पोटावरचा वळ. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात वादकालाही स्वामित्वधनाचा हक्क आला, पण वाजवणारा कोण हेच कुठे लिहिलेलं नसेल तर हक्क मागणार कोण? पालिकेने आपल्या हद्दीतल्या वादकांची एक नोंदवही उघडावी. नाव, वाद्य, कधीपासून, कोणकोणत्या चमूत. चर्चचे, देवळांचे, मंडळांचे लोक साक्ष देतील; या गावांत कोण काय वाजवतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पालिकेचा स्वतःचा महोत्सव असेल तेव्हा निदान त्या पत्रिकेवर ड्रमरपासून झांजवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं छापा, आणि मानधन मध्यस्थाच्या खिशातून न जाता वादकाच्या खात्यात जाईल अशी अट करारात घाला. या अटीला एक रुपयाही खर्च नाही.

तिसरी मागणी कानांची. भाईंदरला भारतरत्न पंडित भीमसेन जोशींच्या नावाचं रुग्णालय आहे. ते राज्य शासनाच्या अखत्यारीत आहे हे मला कळतं. पण पालिकेने शब्द टाकला तर नोंदवहीतल्या वादकांची वर्षातून एकदा श्रवणचाचणी तिथे होऊ शकेल. भीमसेनजींच्या नावाच्या इमारतीत वादकाचे कान तपासले जावेत, यापेक्षा योग्य वापर मला सुचत नाही. आपल्या शहराचं नाट्यगृह लताबाईंच्या नावाचं, रुग्णालय भीमसेनजींच्या नावाचं. दोघेही गाणारे, आणि दोघांविषयी माझ्या मनात आदरच आहे. साथीदाराच्या नावाची इमारत आम्ही मागत नाही. खोली मागतो, तीही बिननावाची चालेल.

आपले काही सहकारी म्हणतील की रस्ते, पाणी, कचरा सोडून पालिकेने ड्रमरचे लाड कशाला करायचे. त्यांना माझं उत्तर असं की या शहराने गणपती, नवरात्र, हळद, लग्न, सण, सभा आणि विजयाच्या मिरवणुका यांतलं काहीही तालाशिवाय केलेलं नाही, आणि निवडणुकीच्या महिन्यात आम्हाला सगळ्या पक्षांचे फोन येतात. तेव्हा आवाजाची तक्रार कोणी करत नाही. वाजवून घेता, मग वाजवणाऱ्याला कामगार म्हणून वागवा.

जून लागला की आमचं काम थांबतं आणि वेळच वेळ असतो. खोलीची जागा बघायला, मापं घ्यायला, भिंत कशी बांधायची ते आपल्या अभियंत्यांना दाखवायला आम्ही त्या महिन्यांत केव्हाही येऊ. जागा कोणती देणार आणि नोंदवही कोणत्या विभागाकडे ठेवणार, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी कळवावीत, ही विनंती.

आपला,
डोंगरीतला एक ड्रमर